इंदिराजी गेल्या तेव्हा बाबा दुकानात होते की मिरजेला? घरातल्या दोन आठवणी जुळत नाहीत तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तुमचे बाबा ७२ वर्षांचे, सांगलीत गणपती पेठेत त्यांचं दुकान होतं. ते म्हणतात की ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी दहाच्या सुमारास दुकानातल्या रेडिओवर इंदिराजी गेल्याचं ऐकलं आणि लगेच शटर ओढलं. आई म्हणते अजिबात नाही, त्या दिवशी तुम्ही सासूबाईंना घेऊन मिरजेला दवाखान्यात गेला होता आणि बातमी आपण दोघांनी संध्याकाळी शेजारच्यांच्या टीव्हीवर बघितली. दोघं शपथेवर सांगतात, ऑक्टोबर संपत आला की दरवर्षी हाच वाद. तुम्हाला काळजी अशी की बाबांना विस्मरणाचा आजार तर लागला नाही ना, आणि दुसरं म्हणजे हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायचंय तर खरं कुणाचं धरायचं. शेवटी जाता जाता तुम्ही तासगावच्या चुलत आजींचं लिहिलंय, नव्वदीच्या आहेत, गांधीजींच्या वेळचं सांगतात, त्यांचंही घ्यावं का. त्याच्यावर मी शेवटी येते, पण खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी आधी कॉलेजात इतिहास शिकवायचे, नंतर सातारा-सांगली भागातल्या वयस्कर माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम सुरू केलं ते आजतागायत चालू आहे. अशा न जुळणाऱ्या जोड्या या कामात कायम भेटतात, नवरा-बायको, सख्खे भाऊ, एका बाकावर बसलेले दोन वर्गमित्र. तर पहिलं उत्तर सरळ देते. तुमच्या घरात कुणीही खोटं बोलत नाहीये. दोघांच्याही आठवणीत काही भाग पक्का आणि काही भाग नंतर येऊन बसलेला असणार. आणि खरं कुणाचं हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरवायचंच नाही, कारण ते ठरवायला बसलात की दोघांकडून मिळण्यासारखं जे काही आहे ते हातचं जाईल.

आजाराचं आधी संपवते. विस्मरणाच्या आजारात सुरुवातीला जातं ते ताजं. गोळी घेतली का नाही ते आठवत नाही, तोच प्रश्न अर्ध्या तासात परत परत येतो, पायाखालची वाट चुकते, आयुष्यभर दुकान सांभाळलेल्या माणसाला सुट्टे पैसे मोजायला अडचण येते. असं काही दिसत असेल तर उशीर न करता मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. पण ४० वर्षांपूर्वीची बातमी कुठं ऐकली यावरनं बायकोशी पटत नाही एवढ्यावरनं आजार म्हणायचं काही कारण नाही. हे धडधाकट माणसांत होतं, विशीतल्या पोरांतही होतं, आणि ते मोजून बघितलेलं आहे.

मोजलं कसं ते सांगते, कारण बाबांना पटवायला उपयोग होईल. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले, त्यांच्या देशावर मोठा आघात होता तो. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात उलरिक नायसर आणि निकोल हार्श या दोघांनी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की तुम्हाला कुठं कळलं, कुणी सांगितलं, तेव्हा काय करत होता. कागद ठेवून दिले. अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यातली ४४ मुलं परत सापडली, त्यांना तेच प्रश्न विचारले. ४४ पैकी ११ जणांचं सगळंच्या सगळं चुकलं, म्हणजे जागा वेगळी, सांगणारा वेगळा, सगळंच. पूर्ण बरोबर फक्त तिघं. आणि यातली मोठी गोष्ट म्हणजे चुकलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपली आठवण शंभर टक्के खरी वाटत होती, आणि त्यांच्याच हस्ताक्षरातला पहिला कागद समोर ठेवला तरी जुनं काही परत येईना, डोक्यात नवीनच घट्ट बसलेलं. बऱ्याच जणांचा बदल एकाच दिशेने झालेला होता, आधी कुणीतरी येऊन सांगितलं होतं आणि नंतरच्या आठवणीत ते थेट टीव्हीवर पाहिलं असं झालं होतं. तुमच्या आईच्या टीव्हीबद्दल बोलताना हे लक्षात ठेवा.

पुढं ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ड्यूक विद्यापीठात तालारिको आणि रुबिन यांनी आणखी हुशारीने केलं. १२ सप्टेंबरलाच ५४ विद्यार्थ्यांकडून हल्ल्याची बातमी कळल्याची आठवण तर घेतलीच, शिवाय त्याच आठवड्यातली एक साधी आठवणही घेतली, पार्टी, जेवण, काहीतरी रोजचं. काही महिन्यांत दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने गळायला लागल्या, हल्ल्याची आठवण काही जास्त टिकली नाही. फरक एकच, साध्या आठवणीवरचा विश्वास कमी होत गेला आणि हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास जसाच्या तसा राहिला. म्हणजे बाबा शपथ घेतायत आणि आईपण शपथ घेतायत, त्या दोन्ही शपथा खऱ्याच आहेत, फक्त शपथ किती जोरात घेतली यावरनं तपशील किती बरोबर ते कळत नाही.

ह्या विषयाला जुना इतिहास आहे. १८९९ मध्ये कोलग्रोव्ह नावाच्या संशोधकाने लिंकनची हत्या कळली तेव्हा कुठं होता असं १७९ लोकांना विचारलं होतं, हत्येला तेव्हा ३३ वर्षं उलटून गेली होती, तरी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा सगळं सांगितलं. पुढं १९७७ मध्ये ब्राउन आणि कुलिक यांनी याला फ्लॅशबल्ब मेमरी असं नाव दिलं. त्यांची कल्पना अशी की धक्का बसला की मेंदू त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतो. फोटोची ती कल्पना पुढं टिकली नाही. पण त्यांच्या अभ्यासातला एक आकडा मला फार मोलाचा वाटतो, तो आजींच्या संदर्भात सांगते.

आता तुमच्या घरातल्या दिवसाकडे येऊ. ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दिल्लीत सकाळी सव्वानऊच्या पुढं घरच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या, एम्समध्ये नेलं, मृत्यू जाहीर केला तो दुपारी दोन वाजून गेल्यावर. पण आकाशवाणीने अधिकृत बातमी दिली ती संध्याकाळी. मधल्या वेळात बीबीसीने मृत्यूची बातमी देऊन टाकली होती, राजीव गांधी त्या दिवशी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते, तेसुद्धा गाडीत बीबीसी लावूनच ऐकत होते. रात्री दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी बातम्या वाचल्या. मग पार्थिव तीनमूर्ती भवनात ठेवलं आणि ३ नोव्हेंबरला अंत्यसंस्कार, ते टीव्हीवर दाखवले, आणि ज्या गल्लीत एक टीव्ही होता तिथं अख्खी गल्ली त्या घरात.

म्हणजे बघा, ‘बातमी कळली’ असं आपण एका दमात म्हणतो पण त्या दिवशी ती तीन-चार वेळा कळली. गोळ्या घातल्या असं कुणीतरी येऊन सांगितलं ती एक, बाई गेल्या म्हणे अशी दुपारची कुजबुज ती दुसरी, संध्याकाळी सरकारी रेडिओने सांगितलं ती तिसरी, आणि डोळ्यांनी टीव्हीवर बघितलं ती चौथी. सकाळी दहाला ‘गेल्या’ हे रेडिओवर ऐकलेलं असणं अवघड आहे, कारण तोवर मृत्यू जाहीरच झाला नव्हता. पण सकाळी उशिरा पेठेत कुणीतरी गोळ्या झाडल्याचं सांगितलं आणि दुकानं पटापट बंद झाली, हे अगदी शक्य आहे. बाबांची शटर ओढल्याची आठवण मी तरी हलक्यात घेणार नाही, हाताने केलेल्या कृतीची आठवण माझ्या अनुभवात बरीच पक्की असते, घसरते ती वेळ आणि कुणी सांगितलं ते. आईंची टीव्हीची आठवणही खरी असेल, फक्त ती ३१ तारखेची की ३ तारखेची हा प्रश्न विचारायला हवा. आणि मिरजेचा दवाखाना त्या दोन्हीच्या मध्ये कुठंतरी बसेलच, सांगली-मिरज अंतर ते किती, सकाळी जाऊन दुपारी दुकानात येणं काय अवघड आहे. दोघांचं एकाच दिवसात बसू शकतं हा विचार या घरात बहुतेक कुणी केलेलाच नाही.

आणखी एक गोष्ट, ही आपल्या भागापुरती आहे आणि बाहेरच्या कुणाला सुचणार नाही. कराडकडची माणसं इंदिराजींची आठवण सांगताना हमखास सांगतात की शाळा सुटली, रस्त्यावर माणूस मावत नव्हता, म्हातारे धाय मोकलून रडत होते. आता ऑक्टोबरअखेर तर बहुतेक शाळांना दिवाळीची सुट्टी असते. मग हे कुठनं आलं? २५ नोव्हेंबर १९८४ ला, म्हणजे महिना पुरा व्हायच्या आत, यशवंतराव चव्हाण गेले. कराडला प्रीतिसंगमावर अंत्यसंस्कार झाले. आपल्या भागासाठी ते घरातलं माणूस जाणं होतं. दिल्लीची बातमी ऐकलेली आणि कराडची गर्दी डोळ्यांनी बघितलेली, मग पुढच्या ४० वर्षांत ऐकलेल्या बातमीला बघितलेली गर्दी चिकटली तर त्यात नवल काय. म्हणून मी या भागात १९८४ बद्दल विचारते तेव्हा दोन्ही मृत्यूंबद्दल वेगवेगळं आणि वेगळ्या दिवशी विचारते. तुम्हीपण तसंच करा.

ऐकलेली बातमी आणि अंगावरनं गेलेली गोष्ट यात फरक फार आहे, तो इथंच सांगते. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या पुढं, कोयनेचा भूकंप. केंद्र कोयनानगरजवळ, पाटण तालुक्यात, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं पडली. पाटणकडच्या माणसांना विचारा, ते सांगतात भिंत कुठल्या बाजूची पडली, कंदील कुठं टांगलेला होता, कुणाला आधी बाहेर काढलं, गोठ्यातली जनावरं कशी हंबरत होती. आणि हे तपशील घरातल्या दुसऱ्या माणसाशी जुळतात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला त्याच घरातला भाऊ मात्र बातमी कुठं कळली ते दर वेळी थोडं वेगळं सांगतो. कॅलिफोर्नियात १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर नायसर यांच्याच गटाने हे तपासलंय, जे भूकंपात होते त्यांच्या आठवणी दीड वर्षाने जवळजवळ जशाच्या तशा, आणि अटलांटात बसून बातमी ऐकणाऱ्यांच्या ढिसाळ. कारणही त्यांनी चांगलं दिलंय, भीती किती वाटली याच्याशी त्याचा फारसा संबंध सापडला नाही, पण त्या माणसांनी ती गोष्ट एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितली होती, आणि ऐकणाराही तिथलाच असल्यामुळं चुकलं की लगेच टोकत असणार. कोयनेनंतर माणसं किती दिवस घरात झोपली नाहीत, अंगणात, शेतात राहिली, आणि तिथं रात्रभर दुसरं बोलणार तरी काय?

टीव्ही आल्यावर हे सगळं आणखी गुंतलं. १२ मार्च १९९३, शुक्रवार, मुंबईत दुपारी दीडपासून पुढच्या दोन-सव्वादोन तासांत १२ स्फोट, २५७ माणसं गेली. पण आपल्याकडचे बरेच जण आजही १३ म्हणतात आणि त्यात मशीद बंदर धरतात. त्यांची आठवण चुकलेली नाही, त्यांनी ऐकलं तेच ते सांगतायत, मुख्यमंत्री शरद पवार यांनी त्या संध्याकाळी दूरदर्शनवर मशीद बंदरचा तेरावा स्फोट सांगितला होता, दंगल पेटू नये म्हणून मुद्दाम, आणि ते त्यांनी नंतर स्वतःच उघड सांगितलंय. अशा ठिकाणी ‘१२ होते हो आजोबा’ म्हणून दुरुस्त केलंत तर त्या माणसाने बातमी कुठनं ऐकली होती याचा एकमेव पुरावा तुम्ही पुसून टाकलात.

याच्या उलट २६ नोव्हेंबर २००८. तुकाराम ओंबळे आपल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, स्वतः गोळ्या खाल्ल्या आणि तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. साताऱ्यात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली, ऐकली गेलीये की काही जण मनापासून सांगतात, ‘आम्ही ते त्या रात्री टीव्हीवर बघितलं.’ त्या झटापटीचं थेट प्रक्षेपण नव्हतं. ताज हॉटेलचा धूर मात्र तीन दिवस लाइव्ह दिसत होता आणि कसाबचा तो स्टेशनातला फोटो नंतर सगळीकडे छापून आला, ह्या सगळ्याचं मिळून डोक्यात एक चित्र तयार झालं. हॉलंडमध्ये हे मोजलंय, १९९२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान इमारतीवर पडलं, ते पडतानाचं चित्रण अस्तित्वातच नाही, तरी चाचणीत निम्म्याहून जास्त लोकांनी ते टीव्हीवर पाहिल्याचं सांगितलं. ओंबळ्यांच्या गावाजवळचा म्हातारा ‘मी बघितलं’ म्हणतो तेव्हा मला त्यात त्याचा ऊर भरून आलेला दिसतो, आणि मी ते जसंच्या तसं ठेवते, खाली नोंदीत खरं काय ते लिहिते.

आता रेकॉर्डिंग कसं करायचं.

दोघांना एकत्र बसवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. आई बाबांना दुरुस्त करणार, बाबा चिडणार किंवा गप्प बसणार, आणि गप्प बसलेल्या माणसाची आठवण त्या दिवसापासून दुसऱ्यासारखी व्हायला लागते. वेगवेगळ्या दिवशी घ्या, आधी जो कमी बोलतो त्याचं. तुमच्या घरात ते कोण ते तुम्हाला माहिती.

सुरुवात बातमीपासून करू नका. आदल्या दिवसापासून करा, दिवाळीचे पाहुणे गेले होते का, दुकानात गिऱ्हाईक कसं होतं, मिरजेला नेलेल्या आजींना काय होत होतं, दवाखान्यात कशाने गेलात, एसटीने की रिक्षाने की टेम्पोत. माणूस त्या घरात, त्या दुकानात परत जाऊन उभा राहिला की मग बातमीवर आपोआप येतो. ‘रेडिओवर ऐकलं की टीव्हीवर’ असा प्रश्न कधीच विचारायचा नाही, तुम्ही दोन पर्याय दिले की तो त्यातला एक निवडणार, खरं तर कदाचित हमालाने येऊन सांगितलेलं असेल. ‘कसं कळलं’ एवढंच विचारा आणि थांबा. मधली शांतता भरायची घाई करू नका, चांगलं जे येतं ते त्या शांततेनंतर येतं. कुठं होता, काय करत होता, कुणी सांगितलं, तुम्हाला काय वाटलं, आजूबाजूचे काय करत होते, पुढं काय झालं, संशोधकही साधारण हेच विचारतात. मी त्यात एक जोडते: ‘मग तुम्ही कुणाला जाऊन सांगितलं?’ हा प्रश्न फार कामाचा आहे. माणसाला कळलं कसं ते पुसट होतं, पण आपण कुणाला सांगितलं, त्याचा चेहरा कसा झाला, ते राहतं, आणि ती दुसरी व्यक्ती हयात असेल तर तिच्याकडनं पडताळा करता येतो.

काय वाटलं याबद्दल मात्र जरा सावध राहा. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत ७ शहरांत ३००० हून जास्त लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, हर्स्ट आणि फेल्प्स वगैरे मंडळींनी केला. त्यात दिसलं की विसरणं जे व्हायचं ते मुख्यतः पहिल्या वर्षात होतं, नंतर गोष्ट गोठते, चुकीसकट गोठते. बाहेरच्या घटनेचे तपशील पेपर-टीव्ही बघून सुधारत जातात पण स्वतःला तेव्हा काय वाटलं होतं हे माणसं सगळ्यात वाईट आठवतात, आज जे वाटतं तेच तेव्हा वाटलं होतं असं सांगतात. १९८४ च्या बाबतीत हे फार होतं, कारण नंतर दिल्लीत शिखांचं जे हत्याकांड झालं ते बऱ्याच जणांना सविस्तर कळलं ते उशिरा, आणि आताचं दुःख त्या दिवसावर जाऊन बसतं. ते खोटं नाही, फक्त नोंद करताना ‘आज सांगताना असं म्हणाले’ असं लिहा.

पडताळा घरातच पडलेला असतो. बाबांच्या दुकानाची १९८४ ची रोजमेळ वही माळ्यावर असेल तर ती काढा, बुधवार ३१ ऑक्टोबरचं पान बघा, विक्री अर्धवट थांबलीये का पूर्ण दिवसाची आहे ते एका नजरेत कळेल. दवाखान्याचे जुने कागद बायका जपून ठेवतात, बहुतेक आईंच्याच ट्रंकेत सापडतील. वार, आठवडी बाजार, पंचांगातली तिथी, शाळेच्या सुट्ट्या यांनी तारखा पक्क्या होतात. जुने पेपर नगरवाचनालयात बघायला मिळतात, पण सांगलीच्या पुरांत काय काय गेलं हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून घरातल्या कागदांचे आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि वही सापडली की ती बाबांपुढं पुरावा म्हणून आपटू नका. दोघांचं रेकॉर्डिंग पूर्ण झाल्यावर, निवांत, ‘बाबा हे बघा काय सापडलं’ म्हणून दाखवा, आणि तेव्हाही रेकॉर्डर चालू ठेवा. वही बघून माणूस जे बोलतो ते कित्येकदा पहिल्यापेक्षा भारी असतं.

मशीनचं फार काही नाही. साधा मोबाइल चालतो, फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ उशीवर ठेवा, टेबलावर ठेवला की कप ठेवल्याचा आवाजसुद्धा धाडकन येतो. सुरुवातीला तारीख, गाव, नाव, वय आणि ‘हे रेकॉर्ड केलेलं चालेल ना’ असं विचारून त्यांचं हो त्यांच्याच आवाजात घ्या. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक घराबाहेर, नदीकाठच्या गावांत तर नक्कीच.

एक मनापासून सांगायचंय. हे सगळं ऐकीव बातम्यांबद्दल झालं. पण ज्यांनी आपलं माणूस गमावलंय, २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेतल्या चेंगराचेंगरीत, किंवा ८ ऑगस्ट २०१९ ला पुरात ब्रह्मनाळला नाव उलटली तेव्हा, त्यांच्याकडे हे प्रश्न घेऊन जाऊ नका. मांढरदेवीला ३०० च्या आसपास माणसं गेली, ब्रह्मनाळला १७, आणि त्या गावांतून येऊन-जाऊन लोकांनी आधीच खूप विचारलंय. त्यांना स्वतःहून बोलायचं असेल तर बसावं, ऐकावं, मशीन बाजूला ठेवावं. घरच्या माणसाच्या बाबतीतही बोलता बोलता श्वास अडकला, हात थरथरायला लागले तर थांबा, पाणी द्या, त्या दिवशी परत विचारू नका. रेकॉर्डिंग अर्धं राहिलं तर राहू दे.

आता तासगावच्या आजी. १९४८ ला त्या तेरा-एक वर्षांच्या असणार, म्हणजे चांगलं कळतं वय. ३० जानेवारी १९४८, शुक्रवारची संध्याकाळ, दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. सांगली तेव्हा संस्थान होतं, मुंबई प्रांतात विलीन झालं ते त्यानंतर. गावात रेडिओ असलेलं घर एखादं, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कळलं. पण सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात १९४८ म्हटलं की म्हातारी माणसं दिल्लीचं सांगतच नाहीत, जळिताचं सांगतात, मारेकरी ब्राह्मण होता म्हणून इथं ब्राह्मणांची घरं जाळली ते. आणि इथं मला तो ब्राउन-कुलिक यांचा आकडा आठवतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची लख्ख आठवण ४० काळ्या माणसांपैकी ३० जणांना होती, ४० गोऱ्यांपैकी फक्त १३ जणांना. घटना एकच, देश एकच, पण ज्याच्या घराशी तिचा संबंध आला त्याला ती राहिली. आपल्याकडेही तसंच, ज्यांचं घर जळलं त्यांना दाराची कडी आठवते, कुठल्या शेजाऱ्याने कणगीमागं लपवलं ते आठवतं. ज्यांच्या घराला झळ लागली नाही त्यांना एवढंच आठवतं की धूर दिसत होता आणि आईने बाहेर जाऊ दिलं नाही. ज्यांच्या घरातल्यांचा जाळण्यात हात होता ते बहुतेक वेळा ‘मला काही आठवत नाही’ म्हणतात, आणि त्यांना खोदून विचारून काही मिळत नाही, मी विचारत नाही. आजी कुठल्या घरात होत्या ते तुम्ही लिहिलं नाहीये, तिथं जाण्याआधी घरातल्या कुणाकडनं तरी ते समजून घ्या.

बाबा-आईचं काम दिवाळीनंतर केलंत तरी चालेल, त्यांची तब्येत ठणठणीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. आजींकडं मात्र याच महिन्यात जा. सकाळी जा, नव्वदीतल्या माणसाची बोलायची ताकद जेवणाच्या आधी असते, पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका, दोन-तीन फेऱ्यांत घ्या. त्यांच्या माहेरच्या गल्लीचा कागदावर साधा नकाशा काढायला लावा, कुणाचं घर कुठं, विहीर कुठं, शाळा कुठं, आणि मग त्या नकाशावर बोट ठेवून बोलू द्या. नावं येतील तेव्हा लिहून घ्या पण बाहेर कुणाला देऊ नका, त्या घरांची नातवंडं अजून त्याच गावात राहतात. पहिलं रेकॉर्डिंग झालं की मला कळवा, त्याची नोंद कशी लिहायची ते मग सांगते.